देणगी मागणाऱ्या माणसांचं प्रशिक्षण : पुण्यातल्या संस्थांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या छोट्या-मध्यम सेवाभावी संस्थांत देणगी गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी मी कार्यशाळा घेते. कार्यशाळेआधी आणि नंतर जे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याचे उल्लेख आहेत तिथे लोकांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांक ठेवले आहेत (देणगीवर करसवलत देणारं कलम ८०जी, देणगीच्या प्रमाणपत्राचा फॉर्म १०बीई वगैरे). १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. कागद भरताना आपल्या सीएंकडून नवा क्रमांक विचारून घ्या.

१. देणगी मागायला प्रशिक्षण कशाला? कामाची तळमळ असली की पुरे नाही का?

तळमळीने दार उघडतं. पण दार उघडल्यावर समोरच्या आजी विचारतात, "पैसे नक्की कशावर खर्च होणार? पावती मिळेल ना? तुमचं ऑफिस कुठे आहे?" या तीन प्रश्नांची उत्तरं तळमळीतून येत नाहीत. ती आधी कोणीतरी शिकवलेली असावी लागतात.

लोकांकडून थोडं थोडं मागून मोठं काम उभं करण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घराघरातून मूठ-मूठ धान्य मिळत असे. देणारा एक पैसा किंवा एक मूठ देतो, तेव्हा मागायला आलेल्या माणसावर तो पूर्ण विश्वास टाकत असतो. संस्थेचा अध्यक्ष त्याला कधी दिसतच नाही. दारात उभा असलेला कर्मचारी हीच त्याच्या लेखी संस्था असते, आणि म्हणून सगळ्यात आधी त्या कर्मचाऱ्याला तयार करायला हवं.

२. मग प्रशिक्षण फक्त देणगी मागायला जाणाऱ्यांनाच द्यायचं का?

नाही. फोन उचलणाऱ्या ताई, पावती करणारे अकाउंटंट, प्रकल्प दाखवणारे कार्यकर्ते आणि विश्वस्त या सगळ्यांना किमान एक दिवस द्यायला हवा. देणगीदार टिकतो किंवा तुटतो तो बहुतेक वेळा फोनवर. "साहेब आले की सांगते" एवढंच उत्तर दोनदा मिळालं की तो तिसऱ्यांदा फोन करत नाही. विश्वस्तांचा या दिवसाला विरोध असतो, पण तरी त्यांना बसवा. नातेवाइकांत, क्लबात देणग्या मिळवून देण्याची तोंडी आश्वासनं तेच देतात आणि ती निभावण्याची वेळ कर्मचाऱ्यांवर येते.

३. नवीन कर्मचारी रुजू झाला. पहिल्या आठवड्यात काय शिकवू?

पावतीपुस्तक हातात देऊन त्याला पहिल्याच दिवशी बाहेर पाठवू नका. दोन दिवस त्याला प्रकल्पावर घालवू द्या. वसतिगृह असेल तर मुलांबरोबर जेवू द्या, रुग्णसेवा असेल तर नातेवाइकांच्या रांगेत बसू द्या. त्याने स्वतः पाहिलेलं एक दृश्य छापील माहितीपत्रकाच्या चार पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण सांगताना त्याचा आवाज बदलतो.

मग मागच्या वर्षीचा अहवाल आणि ताळेबंद समोर ठेवा. एकूण खर्च किती, त्यातला पगारावर किती, कार्यक्रमावर किती, शिल्लक किती, हे चार आकडे त्याला पाठ असायला हवेत. "पगारावर एवढा खर्च?" असं कोणी विचारलं तर खाली मान घालण्याची गरज नाही. शिक्षिकेचा पगार हाच शाळेचा कार्यक्रम असतो, हे त्याला शांतपणे सांगता आलं पाहिजे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सराव घ्या. एकाने देणगीदार व्हायचं, दुसऱ्याने मागायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. संस्थेचं काम दोन मिनिटांत, स्वतःच्या शब्दांत, पाठांतर न वाटता सांगायचं. त्यानंतर रक्कम स्पष्ट उच्चारून मागायची आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यांना अवघड जातं. रक्कम सांगितल्यावर शांतता पसरली की माणसं घाबरून "नाहीतर पाचशे दिले तरी चालतील" असं स्वतःच म्हणून टाकतात. समोरच्याला विचार करायला वेळ हवा असतो, तेवढाच.

आठवड्याच्या शेवटी त्याला जुन्या कर्मचाऱ्याबरोबर बाहेर पाठवा. एकट्याला पाठवायला अजून थांबा. ओळखपत्र, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि संस्थेचा लँडलाइन नंबर प्रत्येक वेळी जवळ असायलाच हवा.

४. पुण्यात असं प्रशिक्षण कुठे मिळतं? पदवी लागते का?

पदवी लागत नाही. कर्वेनगरची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून समाजकार्याचं शिक्षण देते आहे. तिथून एमएसडब्ल्यू झालेली माणसं पुण्यातल्या अनेक संस्थांत भेटतात. पण एमएसडब्ल्यू हा समाजकार्याचा अभ्यासक्रम आहे, त्यातला निधी संकलनाचा भाग सरावानेच पक्का होतो. कायदा आणि हिशेब शिकायचा असेल तर मुंबईच्या सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपीसारख्या संस्थांच्या कार्यशाळा उपयोगी आहेत. आंतरराष्ट्रीय पातळीवर निधी संकलनाचं सीएफआरई नावाचं प्रमाणपत्र आहे, पण ते अनुभवी लोकांसाठी. वस्तीत किंवा सोसायटीत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी त्यावर पैसे घालू नका.

माझं मत विचाराल तर बाहेरच्या दोन दिवसांच्या वर्गाआधी, देणग्या चांगल्या सांभाळणाऱ्या एखाद्या शेजारच्या संस्थेत आपला माणूस आठवडाभर बसवा. पुण्यातल्या संस्था एकमेकांना नाही म्हणत नाहीत.

५. वर्षात प्रशिक्षण कधी घ्यावं?

जून-जुलैमध्ये. मार्चअखेरची करसवलतीची गर्दी आणि ३१ मेची मुदत (प्रश्न ६ पाहा) संपलेली असते. पुढे गणेशोत्सवात 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' उपक्रम असतो, ज्यात निवडलेल्या संस्थांची ओळख छापून येते. पितृपंधरवड्यात वाडवडिलांच्या नावाने देणाऱ्यांची संख्या वाढते, सेवाभावी संस्थांचं 'देणे समाजाचे' प्रदर्शनही त्याच सुमारास भरतं. तिथे स्टॉलवर उभा राहणारा माणूस त्याआधी तयार झालेला असला पाहिजे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माहितीपत्रकं हातात देणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

६. पावतीवर तुम्ही इतका भर का देता? पावती तर कोणीही फाडेल.

कारण तक्रारी तिथूनच सुरू होतात. पूर्वी पावती दिली की देणगीदाराची करसवलत निघायची. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून तसं राहिलेलं नाही. ८०जी मंजुरी असलेल्या संस्थेने वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण (१०बीडी) पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं आणि त्यातून तयार होणारं प्रमाणपत्र (१०बीई) देणगीदाराला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, वर दंडही होऊ शकतो.

आता डिसेंबरमध्ये एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून लिहिलेली पावती आठवा. नाव 'जोशी काका', पत्ता 'कोथरूड', पॅनची जागा कोरी. मे महिन्यात अकाउंटंट त्या काकांना कुठे शोधणार? आणि जुलैमध्ये विवरणपत्र भरताना काकांना सवलत मिळाली नाही की ते संस्थेला दोष देणार, आणि तो दोष खरा असणार.

म्हणून पावतीचा सराव कागदावर घ्या. पॅनवर आहे तसं पूर्ण नाव, पॅन, पत्ता, फोन, रक्कम अंकात आणि अक्षरात, देणगी रोख की चेक की ऑनलाइन, देणगी कशासाठी, सही. पॅन मागताना संकोच वाटतो, तेव्हा वाक्य तयार ठेवा : "तुम्हाला करसवलतीचं प्रमाणपत्र पाठवायचं आहे, त्यासाठी पॅन लागेल." दोन गोष्टी न विसरता सांगायच्या. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही. आणि नव्या करप्रणालीत असलेल्या देणगीदाराला ही सवलत मिळतच नाही. दुसरी गोष्ट सांगितली तर देणगी जाईल अशी भीती कर्मचाऱ्यांना वाटते. सांगा तरीही. आधी खरं सांगितलं की तो माणूस पुढच्या वर्षी तुमचा फोन उचलतो.

७. देणगीदार म्हणाले, "सहा हजार रोख घ्या आणि दोन-दोन हजारांच्या तीन पावत्या करा, एक माझी, एक बायकोची, एक मुलाची." करू का?

पैसे एकाचे आणि नावं तिघांची असतील तर करू नका, ती खोटी पावती आहे. "काका, चेक किंवा यूपीआयने दिलेत तर पूर्ण रकमेची पावती तुमच्याच नावाने देते," असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

याहून गंभीर प्रस्तावही येतात. "लाखाचा चेक देतो, नव्वद हजार रोख परत करा." तिथे कर्मचाऱ्याने चर्चाच करायची नाही, नाही म्हणून निघायचं आणि त्याच दिवशी सचिवांना लेखी कळवायचं. अशा वेळी देणगी गेली म्हणून कोणी रागावणार नाही, हे संस्थेने त्याला आधीच सांगून ठेवलेलं हवं. तसंच एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

८. सोसायटीत किंवा बाजारात डबा घेऊन फिरायला परवानगी लागते का?

तुमची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल तर नोंदणीची प्रत जवळ ठेवा. नोंदणी नसलेल्या गटाने किंवा मंडळाने धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ही प्रक्रिया चांगली माहीत असते. शिवाय सोसायटीच्या आवारात कमिटीचं पत्र, मॉलमध्ये व्यवस्थापनाचं पत्र हवंच. सिग्नलला उभं राहून मागणं टाळा. ते धोक्याचं आहे आणि तिथे पावतीही नीट लिहिता येत नाही.

डब्याचे नियम कडक ठेवा. डबा सीलबंद, त्यावर क्रमांक, सोबत दोन माणसं, उघडताना दोघांच्या सह्या, रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. डब्यातली देणगी निनावी असते. धर्मादाय संस्थेच्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतली जी रक्कम मोठी तिच्या पुढे गेल्या की वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. पाचशे-हजार देणाऱ्याचं नाव-पत्ता विचारून पावती करायची सवय लावा.

९. बाहेर असताना संस्थेचा क्यूआर कोड चालत नसेल तर स्वतःच्या फोनवर पैसे घेतले तर?

कधीही नाही, दहा रुपयेसुद्धा नाही. चेक लिहून घ्या किंवा संध्याकाळी लिंक पाठवा. स्टॉलवरचा क्यूआर कोड दर तासाला स्वतः स्कॅन करून पाहा, कोणी वर दुसरा चिकटवलेला नाही ना.

१०. गोळा केलेल्या रकमेवर दहा टक्के कमिशन देऊन माणूस ठेवू का? पगार परवडत नाही.

पगार परवडत नाही ही अडचण खरी आहे, पण कमिशन नको. अमेरिकेतल्या असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्सची आचारसंहितादेखील टक्केवारीवर मोबदला नाकारते. आपल्याला बाहेरच्या संहितेची गरज आहे असंही नाही. एखाद्या निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या हजारातले शंभर समोरच्या माणसाच्या खिशात जातात हे तिला कळलं तर ती काय म्हणेल, एवढा विचार पुरतो. कमिशनवरचा माणूस आजची रक्कम वाढवतो. नातं जपायला वेळ घालवणं त्याला परवडत नाही, म्हणून तो लोकांना भरीला घालतो.

अर्धवेळ नेमा, पण ठराविक मानधन द्या. दोन संस्था मिळून एक माणूस ठेवत असतील तर देणगीदारांच्या याद्या आणि पावतीपुस्तकं काटेकोर वेगळी ठेवा.

११. मुलांचे किंवा रुग्णांचे फोटो दाखवल्याशिवाय लोक देत नाहीत. काय करायचं?

लोक देतात, हे आधी कर्मचाऱ्यांच्या मनावर ठसवा. मग कायदा सांगा. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी पॉक्सो कायद्यात वेगळी तरतूद आहे. म्हणजे बालगृहातल्या मुलीचा चेहरा देणगीच्या पत्रकावर येऊच शकत नाही, अधीक्षकांनी हो म्हटलं तरीही.

इतर लाभार्थींची संमती घ्यायची ती समजावून. "फोटो कुठे दिसेल, कोण पाहील, नंतर काढायला सांगता येईल" हे त्यांच्या भाषेत सांगून. ज्याचा औषधखर्च आपण देतो आहोत तो माणूस आपल्याला नाही म्हणू शकत नाही, हे लक्षात ठेवून विचारायचं. शक्यतो मदत देणाऱ्या कर्मचाऱ्याने संमती मागू नये, दुसऱ्याने मागावी.

कार्यशाळेत मी एक सराव घेते : चेहरा, नाव आणि 'बिचारा' हा शब्द न वापरता एका मुलाची गोष्ट सांगा. सुरुवातीला सगळे अडखळतात. मग कोणीतरी त्या मुलाच्या वहीबद्दल बोलतं, कोणी पहाटे पाचला उठून तो गाठतो त्या बसबद्दल. ऐकणाऱ्याला तो मुलगा स्पष्ट दिसतो आणि त्याची अब्रूही शाबूत राहते.

१२. आमच्याकडे पगारी दोघेच, बाकी स्वयंसेवक. त्यांनाही हे सगळं लागू होतं?

हो. दारात उभ्या असलेल्या माणसाला पगार मिळतो की नाही हे देणगीदाराला माहीत नसतं. प्रश्न ६, ८ आणि ९ मधला भाग शिकवल्याशिवाय कोणत्याही स्वयंसेवकाला पावतीपुस्तक देऊ नका.

त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारीही तुमचीच आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्यात बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारेही 'कर्मचारी' धरले आहेत. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. समितीचा नंबर पहिल्या दिवशीच द्या. घरोघरी जाणाऱ्यांनी जोडीनेच जायचं, अंधार पडल्यावर नाही, आणि कोणाच्या घरात शिरून दार बंद होऊ द्यायचं नाही.

१३. देणगीदारांचे पुतणे अमेरिकेत आहेत, त्यांनी पैसे पाठवायचं म्हटलं. घेऊ ना?

पुण्यात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक संस्थेला पडतो, आणि त्याचं उत्तर पासपोर्टवर ठरतं. पुतण्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने देत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी ती विदेशी देणगी. मग तो सुट्टीत डेक्कनवर आला आणि भारतातल्या बँकेच्या चेकने रुपयांत दिली तरी!

विदेशी देणगीसाठी एफसीआरए, २०१० (विदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला वळती करता येत नाही. त्यामुळे "आमच्याकडे नोंदणी नाही, शेजारच्या संस्थेमार्फत घेऊ" हा मार्ग बंद आहे. कर्मचाऱ्याला एकच वाक्य शिकवा : "आपण भारतीय नागरिक आहात ना?" विचारताना अवघड वाटतं, पण हा प्रश्न ऐकून चिडलेला देणगीदार मी पाहिलेला नाही.

१४. नाटकाचा प्रयोग लावून किंवा लकी ड्रॉची कुपनं विकून निधी गोळा केला तर?

प्रयोग जरूर लावा. पण तिकिटाच्या बदल्यात प्रेक्षकाला नाटक मिळतं, म्हणून तिकिटाच्या रकमेवर ८०जीची पावती देऊ नका. वर कोणी वेगळी देणगी दिली तर तिची द्या. लकी ड्रॉ मात्र नको. शासनाची मान्यता नसलेली लॉटरी चालवणं गुन्हा आहे, उद्देश धर्मादाय असला तरी.

१५. सीएसआरसाठी (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी) वेगळं प्रशिक्षण लागतं का?

लागतं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात, आणि संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (हा निधी घेण्यासाठी लागणारी) नसेल तर बोलणं पुढेच जात नाही. तिथे प्रस्ताव, अंदाजपत्रक, तिमाही अहवाल इंग्रजीत लिहिता यावे लागतात. दारोदार जाणारा उत्तम कार्यकर्ता या कामात रमेलच असं नाही. दोन वेगळी माणसं तयार करा. आणि हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीच्या भरवशावर शेकडो छोटे देणगीदार सोडून देऊ नका.

१६. प्रशिक्षणावर खर्च केला तर देणगीदार नाराज होतील ना?

अहवालात तो खर्च लपवलात तर होतील. वेगळी ओळ दाखवा आणि कारण लिहा. विदेशी देणगीतून करणार असाल तर प्रशासकीय खर्चाची २० टक्क्यांची मर्यादा पाहा. परिणाम मोजायचा तर मिळालेल्या रकमेच्या आधी तीन गोष्टी तपासा : मागच्या वर्षीच्या किती देणगीदारांनी यंदा पुन्हा दिलं, ३१ मेच्या विवरणात किती पावत्या अपुऱ्या निघाल्या, आणि तक्रारीच्या फोनला किती दिवसांत उत्तर गेलं.

१७. शिकवलेला कर्मचारी दुसऱ्या संस्थेत गेला आणि देणगीदारांचे नंबरही घेऊन गेला. आता?

कर्मचारी जाणारच, पगार कमी आहेत. त्याने शिकलेलं दुसऱ्या संस्थेत वापरलं तर चांगलंच आहे. नंबरांची गोष्ट वेगळी. देणगीदाराने त्याची माहिती तुमच्या संस्थेला दिलेली असते, त्या माणसाला नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही याच दिशेने जातो.

त्यामुळे यादी कोणाच्या खासगी फोनमध्ये राहू देऊ नका, संस्थेच्या सिमवर आणि संस्थेच्याच संगणकावर ठेवा. नेमणूक पत्रात गोपनीयतेची ओळ घाला. कोणी सोडून जात असेल तर शेवटच्या पंधरा दिवसांत त्याने नव्या माणसाला घेऊन नेहमीच्या देणगीदारांना भेटून यायचं आणि उरलेलं पावतीपुस्तक, न वापरलेल्या पावत्यांच्या क्रमांकांसह, सही घेऊन जमा करायचं. तो आधीच निघून गेला असेल तर आजच त्या देणगीदारांना सचिवांच्या सहीचं पत्र पाठवा : नवीन संपर्क कोण, फोन कोणता, आणि जुन्या पावतीपुस्तकाचे कोणते क्रमांक आता रद्द समजायचे.